नागराज घराजवळ आला तर रेस्क्यूवाला येईपर्यंत काय करायचं

आमचं घर गोव्यात सत्तरीत, वाळपईच्या पुढे, मागे कुळागर, म्हंजे माड-पोफळींची बाग, आणि कुळागर संपलं की लगेच रान, त्यामुळे मार्च ते मे मध्ये नागराज, म्हंजे किंग कोब्रा, कुठे ना कुठे दिसतोच, कधी पाटाच्या कडेने जाताना, कधी विहिरीजवळ, आणि गेल्या वर्षी तर न्हाणीच्या मागे रचलेल्या लाकडांत. मी काही सर्पमित्र नाही. पण आजूबाजूच्या वाड्यांवर कॉल आला की रेस्क्यूवाल्यांबरोबर मदतीला जातो, माझं काम म्हंजे माणसं मागे ठेवायची, पोरांना आत पाठवायचं, कुत्रे बांधायचे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, धोका साप दिसण्यात नसतो, फोन केल्यापासून रेस्क्यूवाला पोचेपर्यंतचा जो पाऊण-एक तास असतो त्यात असतो. तेवढा वेळ नीट काढला तर ना माणसाला काही होत ना सापाला. म्हणून हे लिहितोय.

आधी साप कुठला ते बघा, पण लांबूनच. नागराज म्हंजे मोठा झालेला नाग नव्हे, हा वेगळाच साप. आपला नेहमीचा नाग तीन ते पाच फूट, फणी रुंद आणि बहुतेक वेळा फणीच्या मागे दहाचा आकडा. नागराज दहा-बारा फूट सहज असतो, फणी लांबट आणि अरुंद, अंगावर फिकट आडवे पट्टे. जगातला सगळ्यात लांब विषारी साप हाच. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी नागराजाच्या एका जातीच्या चार जाती केल्या आणि आपल्या सह्याद्रीतल्याला कन्नडमधल्या नावावरून 'कालिंग' हे नाव दिलं, म्हंजे आपल्या रानातला नागराज फक्त पश्चिम घाटातच सापडतो, बाकी जगात कुठेच नाही. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव ही गोव्यातली राखीव रानं, ही सगळी त्याची घरं.

लोक विचारतात तो घराकडे येतोच कशाला. तो आपल्यासाठी येत नाही, धामणीसाठी येतो. नागराज मुख्यतः सापच खातो आणि धामण त्याच्या फार आवडीची. कुळागरात नारळ-सुपारी पडलेली, म्हंजे उंदीर आले, उंदरांमागे धामण, धामणीमागे हा. आणि मार्च-एप्रिलला जोडीचा सीझन, तेव्हा नर मादीच्या वासावर लांब लांब फिरतात, दिवसाढवळ्या दिसतात. हा दिवसा फिरणारा साप आहे आणि स्वभावाने भित्रा म्हटलं तरी चालेल, माणसाला चावल्याच्या घटना फार कमी. पण चावला तर विषाचं प्रमाण खूप असतं, म्हणून चूक करायची सोयच नाही.

घोणशीचं मात्र वेगळं सांगतो कारण तिथे लोक हमखास फसतात. जाड अंग, त्यावर साखळीसारखे तपकिरी गोल डाग तीन रांगांत, त्रिकोणी डोकं, आणि चिडली की कुकरची वाफ सुटल्यासारखा मोठा फुत्कार. ती पटकन पळत नाही, पडून राहते, म्हणून लोकांना वाटतं हे अजगराचं पिल्लू आणि कोणीतरी उचलायला जातो. अजगराचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले असतात, घोणशीचे साखळीच्या कड्यांसारखे सुटे सुटे. पण हा फरक बघायला वाकू नका, शंका आली की घोणसच समजा.

आता तो तास.

साप दिसला की जिथे आहात तिथेच थांबा. ओरडायचं नाही, पळायचं नाही, एक श्वास घ्या आणि हळू हळू मागे सरका, पाठ न फिरवता. किती लांब? नागराज अंगाचा पुढचा साधारण एक तृतीयांश भाग उभा करू शकतो, म्हंजे बारा फुटी साप चार फूट उभा राहतो आणि तसाच पुढेही सरकू शकतो, म्हणून किमान वीस फूट ठेवा, जास्त ठेवलं तर उत्तमच. तो उभा राहून खोल आवाजात गुरगुरला तर त्याचा अर्थ 'अंतर वाढव', एवढाच. तो तुमचा पाठलाग करत नाहीये. पुष्कळदा असं होतं की त्याची पळायची वाट नेमकी तुमच्या बाजूने असते आणि आपल्याला वाटतं अंगावर येतोय, अशा वेळी बाजूला व्हा, सरळ रेषेत मागे पळू नका.

मग फोन. वनखात्याच्या तुमच्या रेंजचा नंबर आणि परवानगी असलेल्या जवळच्या रेस्क्यूवाल्याचा नंबर आधीच सेव्ह करून ठेवा, ऐनवेळी व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'कोणाकडे नंबर आहे का' विचारण्यात वीस मिनिटं जातात हे मी अनेकदा बघितलंय. फोनवर साप कुठे आहे, केवढा आहे, घरात की बाहेर, एवढं सांगा, आणि लांबून झूम करून काढलेला एक फोटो पाठवा. एकच. त्यानंतर मोबाईल खिशात.

त्यानंतर एकाच माणसाने नजर ठेवायची, बाकी सगळे घरात. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात अवघड. वाडीवर बातमी गेली की पंधरा मिनिटांत तीस माणसं जमतात आणि ती गोल करून उभी राहतात, आणि गोल झाला की सापाला जायला वाटच उरत नाही. गोल करू देऊ नका. साप आणि रान यांच्यामध्ये कोणीही उभं राहायचं नाही, ती बाजू पूर्ण मोकळी. कुत्रा आधी बांधा, कारण कुत्रा भुंकत राहिला की साप फणी खाली घेतच नाही, आणि कुत्रा मरतो तोही त्यातच.

घरात शिरला असेल तर ज्या खोलीत आहे तिचं आतल्या बाजूचं दार लावा, खालच्या फटीत चादर किंवा गोणपाट कोंबा, बाहेरचं दार मात्र उघडं ठेवा आणि तुम्ही लांब व्हा. बरेचदा तो आपणहून निघून जातो. रॉकेल, फिनाईल, मिरचीचा धूर, काही करू नका, याने साप जात नाही, चिडतो आणि अजून आत कोपऱ्यात घुसतो, मग रेस्क्यूवाल्याचं काम दुप्पट. काठीने ढोसणं तर नकोच. विहिरीत पडला असेल तर दोर, बादली काही सोडू नका, कठड्यावर वाकून बघू नका, तो पोहू शकतो, माणूस येईपर्यंत त्याला काही होत नाही.

आणि पकडायचा तर अजिबात नाही. व्हिडिओत शेपूट धरून सोपं दिसतं. ते सोपं नाही, आणि कायद्यानेही गुन्हा आहे, नागराज वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे म्हंजे वाघाच्या रांगेत, त्याला मारलं तर किमान तीन वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड.

रेस्क्यूवाला आला की तोही चांगला की नाही हे ओळखता आलं पाहिजे असं माझं मत आहे, कारण आपणच त्याला बोलावतो. चांगला माणूस आल्या आल्या सापाला हात लावत नाही, आधी लोकांना मागे करतो, साप कुठे जाऊ शकतो ते बघतो, आणि पुष्कळदा नुसतं थांबतो. पिशवीच्या तोंडाला पाईप लावून तो जमिनीवर ठेवतो, सापाला ते बीळ वाटतं आणि तो अंधार बघून स्वतःच आत शिरतो. सापाला दोन हातांत उंच धरून फोटो देणारा, लहान पोरांना शेपटीला हात लावायला देणारा नको, परत बोलावू नका. सोडतानासुद्धा जवळच्या रानातच सोडायला हवा. 'लांब सोडा हो, मोले पलीकडे सोडा' असं आपण म्हणतो, पण कर्नाटकात आगुंब्याच्या बाजूला नागराजांना ट्रान्समीटर लावून अभ्यास झालाय, त्यात लांब नेऊन सोडलेला साप आपली जागा शोधत भरकटतो असं दिसलं. अनोळखी जागी त्याला ना बीळ माहीत ना पाणी.

पानांचा ढीग दिसला तर त्याचंही सांगतो. नागराजाची मादी एप्रिल-मेच्या सुमारास बांबूच्या बेटात किंवा दाट झाडीखाली अंगाने पाला ओढून ढीग करते आणि त्यात वीस ते चाळीस अंडी घालते, घरटं बांधणारा असा दुसरा साप नाही. ती वर बसून राखण करते आणि पिल्लं निघायच्या आधी निघून जाते. पाला गोळा करताना असा नीट रचलेला, गुडघ्याएवढा ढीग दिसला तर खराटा लावू नका, मागे या, वनखात्याला कळवा. पिल्लं निघून जाईपर्यंत तेवढी जागा सोडली म्हणून कुळागराचं काही नुकसान होत नाही.

माझी आजी साप दिसला की लांब उभी राहून हात जोडायची आणि हळू आवाजात म्हणायची, "वाट घे बाबा, आणि जा." आमच्याकडे सातेरी देवीला वारुळाच्या रूपात पुजतात, वारुळाला रोयण म्हणतात, त्या रोयणीला कोणी कुदळ लावत नाही, आणि वारूळ म्हंजे सापाचं घर हे सगळ्यांना माहीत. नागपंचमीला मातीचा नाग, त्या दिवशी नांगर नाही, खणणं नाही. लहानपणी मला ही नुसती श्रद्धा वाटायची. आता रेस्क्यूला जाऊन आल्यावर दिसतं की आजी लांब उभी होती, हलत नव्हती, ओरडत नव्हती, आणि वाट मोकळी सोडत होती, म्हंजे मी वर जे जे लिहिलंय ते सगळं ती करत होती. जिवंत नागाला दूध पाजणं मात्र त्यात नव्हतं, ते कोणी करू नका, साप दूध पचवू शकत नाही.

चावलाच तर. चावल्या जागी कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून दोरी बांधायची नाही, बर्फ नाही. अंगठी, बांगडी, घड्याळ, पैंजण लगेच काढा कारण सूज येते. माणसाला चालवू नका, आडवा ठेवा, हात-पाय फळी लावून हलणार नाही असा सैल बांधा आणि १०८. चावल्याची वेळ लिहून ठेवा. सापाला मारून हॉस्पिटलला नेण्यात वेळ घालवू नका, डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात, रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवून गोठतं की नाही बघतात, घोणशीच्या विषाने रक्त गोठत नाही आणि किडनी जाते. माझ्या एका चुलतभावाला काजूच्या बागेत बोंडू गोळा करताना घोणस चावली, घरच्यांनी आधी मंत्र घालणाऱ्याकडे नेलं, त्यात दोन तास गेले. वाचला तो, पण किती दिवस डायलिसिसवर होता, ते दोन तास आजही घरात कोणी विसरलेलं नाही.

आणखी एक, जे फार कमी लोकांना माहीत असतं. आपल्या हॉस्पिटलांत मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारच सापांच्या विषावर बनवलेलं आहे. नागराजासाठीचं त्यात नाही, कुळागरात पाचोळ्यात बसणाऱ्या चापडा या विषारी सापासाठीचंही नाही. तरीही हॉस्पिटल गाठायचंच, कारण नागराजाच्या विषाने श्वास बंद पडतो आणि व्हेंटिलेटरवर माणसाला तगवता येतं, म्हणून जिथे व्हेंटिलेटर आहे तिथे, बांबोळीच्या मेडिकल कॉलेजसारख्या ठिकाणी लवकर पोचणं महत्त्वाचं. आणि म्हणूनच ते वीस फूट.

रोजच्या कामात थोडंसंच लक्ष लागतं. पडलेलं चुडत (माडाची झावळी) किंवा सोडणं (नारळाची सालं) हाताने उचलायच्या आधी काठीने हलवा. कुळागरात गमबूट, अंधार पडला की टॉर्च, अंगणात पाच मिनिटं जायचं असलं तरी. गडग्याच्या, म्हंजे दगडी कुंपणाच्या, भोकात हात घालू नका. पावसात जमिनीवर झोपू नका, झोपलात तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून, कारण मण्यार रात्री अंथरुणात येते आणि तिचा चावा कळतसुद्धा नाही, पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या जड होतात, असं झालं तर 'गॅस झाला असेल' म्हणून थांबू नका.

गेल्या मे मध्ये न्हाणीमागच्या लाकडांत आला होता तो साधारण अकरा फुटी असेल. बाबा खळ्यातून नजर ठेवून होते, वयनीने पोरांना माडीवर नेलं, शेजारचे काका आले तर त्यांना मी गेटवरच थांबवलं. चाळीस-एक मिनिटं नुसतं डोकं दिसत होतं. मग तो सावकाश बाहेर आला, पाटाच्या काठाने गेला आणि पोफळींमधून वर रानात चढला. रेस्क्यूवाला दहा मिनिटांनी पोचला, गेल्याची खूण बघितली, लाकडं लांब आकड्याने एकेक हलवून आत दुसरं काही नाही याची खात्री केली, चहा घेतला आणि म्हणाला, "दादा, ही रास भिंतीला लावून ठेवू नका, खाली दोन चिरे घाला आणि दहा-पंधरा फूट लांब न्या." दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी आणि मी ती हलवली.