विज्ञानाचा पहिला सराव पाठ: टाचणातला मुलांचा रकाना

शिक्षक होण्याच्या प्रशिक्षणात सराव पाठाआधी मार्गदर्शक शिक्षकांकडे जाताना टाचण, म्हणजे पाठाची लेखी योजना, संपूर्ण लिहून नेऊ नका. घटक, उद्दिष्टं आणि साहित्य लिहिलेलं असलं की पुरे. बाकीचं त्यांच्याशेजारी बसून लिहिताना जे शिकायला मिळतं, ते दुसरीकडे कुठे मिळत नाही.

माझा घटक होता साधा विद्युत परिपथ, म्हणजे सेलमधून निघून बल्बमधून परत सेलपर्यंत येणारी विजेची सलग वाट. मी काय विचारणार, फळ्यावर काय काढणार, सगळं योजलं होतं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी पानाच्या उजवीकडे उभी रेघ मारली आणि म्हणाल्या, "इथे मुलं काय म्हणतील ते लिही." खरी तयारी त्या रकान्यापासून सुरू झाली.

बऱ्याच मुलांना वाटतं, वीज सेलमधून निघते, बल्बपर्यंत जाते आणि तिथेच संपते. म्हणून ती सेलच्या एका टोकापासून बल्बपर्यंत एकच वायर लावतात. काही जण सांगतात, दोन्ही बाजूंनी वीज येते आणि बल्बमध्ये आदळून उजेड पडतो. ही उत्तरं खोडायची घाई करू नका. मुलांनी विचार केलाय म्हणून ती आलेली असतात. बाईंनी टॉर्चचा छोटा बल्ब माझ्या हातात देऊन निरखायला लावला. बुडाशी धातूचा एक ठिपका, बाजूला आट्यांची धातूची कड आणि दोन्हींच्या मध्ये वीज न वाहणारा थर. आतल्या तारेचं एक टोक ठिपक्याला, दुसरं कडेला जोडलेलं. वीज एकीकडून आत शिरून दुसरीकडून बाहेर पडते, हे इथे डोळ्यांनी दिसतं. मुलांनाही आधी बल्बच निरखू द्या.

मग जोडणीची चार चित्रं फळ्यावर काढा आणि कुठे दिवा लागेल ते प्रत्येकाला वहीत लिहू द्या. साहित्य नंतर. सूचनाही साहित्य वाटण्याआधीच, कारण हातात वायर आली की कुणी ऐकत नाही. सेलची दोन्ही टोकं नुसत्या वायरीने जोडली तर वायर आणि सेल तापतात, हे तेव्हाच बजावा. सेल, बल्ब आदल्या दिवशी तपासून ठेवा.

प्रश्न विचारल्यावर थांबणं मात्र सरावानेच जमतं. विज्ञानशिक्षणाच्या अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं, की शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांब आणि जास्त विचारपूर्वक होतात. बाई मला टाचणात प्रश्नापुढे "थांब" असं लिहायला लावायच्या.

मूल्यमापनासाठी व्याख्या विचारायची नाही, असं आम्ही ठरवलं. एक सेल, एक बल्ब आणि एकच वायर द्यायची आणि दिवा लावायला सांगायचं. ज्याला परिपथ कळला, तो बल्बचा ठिपका थेट सेलच्या एका टोकावर टेकवतो आणि दुसऱ्या टोकाकडून आलेली वायर बल्बच्या कडेला लावतो.