अर्ज बाद करायला निघालेत? निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर काय करायचं

निवडणूक निर्णय अधिकाऱ्याशी खटका उडाला की कार्यकर्ते आधी आवाज चढवतात आणि मग मुंबईला फोन लावतात. दोन्हींचा उपयोग जवळपास शून्य. उपयोग होतो तो त्याच टेबलावर वेळेत दिलेल्या कागदाचा आणि त्याच्या पोचीचा. घटनेच्या अनुच्छेद ३२९ नुसार लोकसभा किंवा विधानसभेच्या निवडणुकीला फक्त निवडणूक याचिकेने आव्हान देता येतं, आणि तेही निकालानंतर. मद्रास राज्यातल्या नमक्कलला उमेदवारी अर्ज बाद झालेले एन. पी. पोन्नुस्वामी उच्च न्यायालयात गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली त्यांना हेच सांगितलं. तो निकाल आजही तसाच उभा आहे. म्हणजे पुढे न्यायालयात जे लागणार आहे, ते छाननीच्या खोलीतच तयार होतं.

(खालचं सगळं लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ आणि निवडणूक संचालन नियम १९६१ यांच्या आधारे आहे. महापालिका, नगर परिषद, जिल्हा परिषद यांचे कायदे वेगळे आणि आयोगही वेगळा. नगर परिषदेत छाननीच्या निर्णयावर जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करता येतं, विधानसभेत तशी सोय नाही. दोन्हींची गल्लत नेहमी होते.)

आधी वाद कसला आहे ते ओळखा. सभेची परवानगी, प्रचाराची वाहनं, खर्चाच्या नोंदवहीतली तफावत या प्रशासकीय बाबी आहेत. त्या जिल्हा निवडणूक अधिकारी, आयोगाचे निरीक्षक किंवा मुख्य निवडणूक अधिकारी यांच्याकडे लेखी नेल्या तर निर्णय बदलू शकतो. अर्ज वैध की अवैध, हा निर्णय मात्र अर्धन्यायिक असतो. तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानेच स्वतःच्या बुद्धीने घ्यायचा असतो, निरीक्षक तो फिरवू शकत नाहीत. तक्रार जरूर करा, पण तिच्या भरवशावर छाननीची खोली सोडू नका.

अर्ज भरतानाची काळजी

छाननीतले निम्मे वाद अर्ज भरतानाच मिटवता येतात. एका मतदारसंघात एका उमेदवाराला चार नामनिर्देशनपत्रं भरता येतात आणि अनामत एकदाच लागते. चारही भरा. त्यातला एक तरी वैध ठरला की बाकीचे बाद झाल्याने बिघडत नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार) पुरतो, इतरांना दहा लागतात. पक्षाची अधिकृत उमेदवारी सांगणारा एबी फॉर्म शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत पोचला नाही, किंवा त्यावर शाईच्या सहीऐवजी शिक्का निघाला, तर एका सूचकाचा अर्ज अपक्ष म्हणूनही टिकत नाही. म्हणून चारपैकी एक अर्ज दहा सूचकांचा ठेवावा. ज्यांना ‘आपल्याला तिकीट नक्की’ अशी खात्री असते, तेच नेमकं हे टाळतात.

सूचक त्याच मतदारसंघाचा मतदार हवा आणि यादी भाग व अनुक्रमांक स्वतः यादीत बघून लिहावा. अंगठा उठवणारा सूचक असेल तर तो अंगठा अधिकृत अधिकाऱ्यासमोर घ्यावा लागतो, घरून आणून चालत नाही. आणि सही खरी असली तरी सूचक उलटू शकतो. २०२४ मध्ये सुरत लोकसभा मतदारसंघात सूचकांनी ‘सही आमची नाही’ असं सांगितल्यावर काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला आणि शेवटी निवडणूक बिनविरोध झाली. सही घेताना चित्रीकरण करा, ओळखपत्राची प्रत घ्या आणि छाननीच्या दिवशी सूचक हाताशी ठेवा.

नमुना २६ च्या शपथपत्रात एकही रकाना कोरा सोडू नका, नुसती रेघही मारू नका. ‘निरंक’, ‘लागू नाही’ किंवा ‘माहीत नाही’ यांपैकी जे खरं असेल ते लिहा. कोऱ्या रकान्याबद्दल अधिकाऱ्याने आठवण करून दिल्यावरही तो भरला नाही तर अर्ज बाद होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं. ही आठवण तपासणी सूचीतून मिळते. अर्ज दिल्यावर तिची सही केलेली प्रत हातात पडल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका. तिच्यात ज्या कागदापुढे ‘दिला नाही’ असं लिहिलंय, तो कधीपर्यंत द्यायचा हेही तिथेच असतं. अधिकाऱ्याने त्रुटी दाखवलीच नसेल तर तीच सूची पुढे तुमच्या बाजूने बोलते.

उमेदवाराची शपथ ही अर्ज भरल्यानंतर आणि छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत घ्यायची. छाननीच्या सकाळी घेतलेली शपथ चालत नाही. ती घेतल्याचं प्रमाणपत्र लगेच मागून घ्या. दुसऱ्या मतदारसंघातले मतदार असाल तर यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडा. अर्जासोबत राहिली असेल तर ती छाननीच्या वेळी तरी दाखवावीच लागते.

छाननीच्या खोलीत

प्रत्येक उमेदवाराला स्वतःसह निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि लेखी अधिकार दिलेली आणखी एक व्यक्ती नेता येते. ही चौथी जागा वकिलाला द्या. सोबत मतदार यादी, सर्व कागदांच्या प्रती, कोरे कागद आणि कार्बन.

हरकत आली की पहिलं वाक्य एवढंच: ‘हरकत लेखी द्यावी आणि तिची प्रत मिळावी.’ अर्ज वैध आहे असं धरूनच छाननी सुरू होते, दोष सिद्ध करण्याची जबाबदारी हरकत घेणाऱ्यावर असते. मग कलम ३६ चे तीन आधार लक्षात ठेवा. एक, पोटकलम ४: ठळक स्वरूपाचा नसलेल्या दोषासाठी अर्ज बाद करता येत नाही. नावातली वेलांटी, यादी क्रमांकातली लेखनाची चूक हे त्यात येतं. सूचकाची सहीच नसणं किंवा शपथपत्रच नसणं येत नाही. दोन, पोटकलम ५: हरकतीला उत्तर द्यायला वेळ मागता येतो, जास्तीत जास्त छाननीनंतर एक दिवस सोडून पुढच्या दिवसापर्यंत (छाननी सोमवारी तर बुधवारपर्यंत). तीन, पोटकलम ६: अर्ज बाद केला तर कारणं लेखी नोंदवावीच लागतात.

वेळ मागण्याचा अर्ज चार ओळींचा पुरे: ‘माझ्या नामनिर्देशनपत्रावर आज अमुक वाजता अमुक हरकत घेण्यात आली. ती मला अमान्य आहे. खंडनासाठी अमुक कागद सादर करायचा असल्याने कलम ३६ (५) च्या परंतुकानुसार उद्या अमुक वाजेपर्यंत मुदत मिळावी. मुदत नाकारल्यास कारणांसह लेखी आदेश मिळावा.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का आणि वेळ घ्या. नुसती तारीख पुरत नाही, कारण पुढे वाद ‘निर्णयाआधी मागितलं की नंतर’ यावरच होतो.

प्रतिस्पर्ध्याच्या शपथपत्रातली माहिती खोटी आहे, ही हरकत बहुतेक वेळा वाया जाते. संपत्ती खरी किती, याची चौकशी छाननीत होत नाही. ती माहिती खोडणारं प्रतिशपथपत्र दाखल करा, ते प्रसिद्ध होतं. खोट्या माहितीबद्दल कलम १२५ क (125A) खाली वेगळी कारवाई करता येते.

मतमोजणी

इथे वेळ मिनिटांत मोजायची. शेवटच्या फेरीची बेरीज जाहीर झाली की अधिकारी जरा थांबतो, आणि नियम ६३ खालचा फेरमोजणीचा लेखी अर्ज त्याच फटीत द्यावा लागतो. नमुना २० या निकालपत्रकावर सही झाली की अर्ज घेतलाच जात नाही. म्हणून अर्जाचा मसुदा तयार ठेवून फक्त आकडे भरायचे. ‘मोजणीत गडबड झाली’ एवढ्यावर अर्ज फेटाळला जातो. ‘फेरी ७, टेबल ४, मतदान केंद्र ११२: नमुना १७ ग मध्ये ६१२, यंत्रावर ६२१’ असं लिहिलं तर कारण देऊनच फेटाळावं लागतं. (१७ ग, म्हणजे 17C, हा त्या केंद्रावर नोंदलेल्या मतांचा हिशेब.) त्यासाठी केंद्राध्यक्षाने मतदान संपल्यावर दिलेल्या १७ ग च्या प्रती मतदान प्रतिनिधींकडून त्याच रात्री गोळा करा. दोन दिवसांनी त्या सापडत नाहीत.

व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजण्याची मागणी वेगळी, नियम ५६ घ खाली. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४ च्या निकालानुसार दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत, खर्च भरून, विधानसभा क्षेत्रातली पाच टक्के यंत्रं तपासून घेता येतात.

याचिका

निवडणूक याचिका उच्च न्यायालयात करायची. मुदत निकालापासून ४५ दिवस, एक दिवसही वाढत नाही. अनामत २,००० रुपये. प्रतिवादी जितके तितक्या प्रती, प्रत्येकीवर ‘खरी प्रत’ म्हणून याचिकाकर्त्याची स्वतःची सही. फक्त निवडणूक रद्द करा म्हणत असाल आणि दुसऱ्या कुठल्या उमेदवारावर भ्रष्ट आचरणाचा आरोप नसेल तर विजयी उमेदवार प्रतिवादी पुरतो. ‘मला निवडून आलेला घोषित करा’ असंही मागितलं तर रिंगणातले सगळे उमेदवार जोडावे लागतात. यातलं एखादं नाव राहिलं तर कलम ८६ खाली याचिका सुनावणीआधीच फेटाळली जाते. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला प्रतिवादी करायचा मोह आवरा, कलम ८२ त्याला जागा देत नाही.

तुमचा अर्ज चुकीने बाद झाला असेल तर निकालावर त्याचा परिणाम झाला हे सिद्ध करावं लागत नाही, तेवढ्यावरच निवडणूक रद्द होते. दुसऱ्याचा अर्ज चुकीने स्वीकारला असेल तर परिणाम सिद्ध करावा लागतो, आणि तो विजयी उमेदवाराचा अर्ज नसेल तर हे फार अवघड जातं. उच्च न्यायालयाच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयात अपील ३० दिवसांत.