कॅलिबरमधली पुस्तकं वायफायवरून फोनवर नेण्याआधी

संगणकावरची ईपुस्तकं केबलशिवाय फोनवर न्यायला कॅलिबर हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. इंटरनेट नसलं तरी चालतं, राउटर मात्र चालू हवा.

सुरुवात पुस्तकांपासून करा. फोनच्या लहान पडद्यावर ईपब (ईपुस्तकांचा एक फाइल प्रकार) हेच वाचायला सोयीचं, कारण अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने बसतात. मराठी विकिस्रोतावरून पुस्तक उतरवतानाही ईपबच निवडा. हाताशी पीडीएफ असेल तर तिचं ईपब करण्याआधी त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी आली, तर पुस्तक युनिकोड (सगळ्या लिपींसाठीची सामायिक अक्षरपद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेलं आहे आणि त्याच्या ईपबमध्येही तीच खिचडी उतरेल. ओळ निवडताच आली नाही, तर ती स्कॅन केलेली पानं आहेत. दोन्ही प्रकार पीडीएफ म्हणूनच फोनवर न्या. पुस्तकाचं नाव किंवा लेखक चुकला असेल तर कॅलिबरमध्येच सुधारा. लायब्ररीच्या फोल्डरमध्ये मराठी नावं रोमन लिपीत दिसतात, म्हणून तिथे हाताने बदलायचा मोह होतो. ते करू नका, कॅलिबरला मग फाइल सापडत नाही.

मग नेटवर्क. फोन आणि संगणक एकाच राउटरवर हवेत. फोन गेस्ट वायफायवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या जोडणीवर) असेल तर बहुतेक राउटर त्याला संगणकापर्यंत पोचू देत नाहीत. विंडोजमध्ये घरचं वायफाय 'प्रायव्हेट' करून ठेवा. फोनवरचा व्हीपीएन बंद करा आणि काम होईपर्यंत संगणक स्लीपमध्ये जाणार नाही असं पाहा.

आता कॅलिबरच्या 'कनेक्ट/शेअर' बटणातून कंटेंट सर्व्हर, म्हणजे पुस्तकं ब्राउझरला दाखवणारी सोय, सुरू करा. फायरवॉलने (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या संरक्षणाने) विचारलं तर प्रायव्हेट नेटवर्कसाठी परवानगी द्या. त्याच बटणाखाली पत्ता दिसतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५ आणि पोर्ट ८०८०. फोनच्या ब्राउझरमध्ये तो पुढे 'http://' लावून, पत्ता आणि पोर्ट यांच्यामध्ये अपूर्णविराम (:) देऊन पूर्ण टाइप करा. 'एचटीटीपीएस' लागलं तर पान उघडत नाही.

तरीही उघडलं नाही, तर संगणकाच्याच ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८०८० (संगणकाचा स्वतःसाठीचा पत्ता) उघडून पाहा. तिथे पुस्तकं दिसली तर सर्व्हर ठीक आहे. दोष फायरवॉलमध्ये किंवा वायफायमध्ये शोधा. ही एक तपासणी तासभराची शोधाशोध वाचवते. काल चालणारा पत्ता आज चालत नसेल, तर राउटरने संगणकाला नवा पत्ता दिलेला असतो. राउटरच्या सेटिंगमध्ये तो कायमचा राखून ठेवता येतो.

फोनवर ईपब उघडणारं अ‍ॅप आधीच टाकून ठेवा; आयफोनवर 'बुक्स' असतंच. ओपीडीएस (पुस्तकांची यादी अ‍ॅपला देण्याची पद्धत) चालणारं अ‍ॅप असेल तर पत्त्याच्या शेवटी '/opds' जोडा, म्हणजे सगळी यादी अ‍ॅपमध्येच दिसेल. वायफाय सामायिक असलेल्या वसतिगृहात सर्व्हरला वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड लावाच, नाहीतर त्या नेटवर्कवरच्या कुणालाही तुमची पुस्तकं उतरवता येतील.