नेटवर्क सिक्युरिटीचा सेमिनार आणि अहवाल : तयारी कशी करावी

ठाणे आणि नवी मुंबईतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत नेटवर्क सिक्युरिटी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा सेमिनार द्यावा लागतो आणि त्यावरचा अहवालही सादर करावा लागतो. अहवालाची पाने किती, सादरीकरणाला मिनिटे किती, गुणांची विभागणी कशी, हे प्रत्येक विभाग आपापल्या पद्धतीने ठरवतो, त्यामुळे हे तपशील आपल्या गाईडकडूनच लिहून घ्यावेत. परीक्षकाला मात्र सगळीकडे एकाच गोष्टीची खात्री हवी असते : निवडलेली यंत्रणा आतून कशी चालते हे विद्यार्थ्याने स्वतः पडताळून पाहिले आहे, की तयार मजकूर नुसता इकडून तिकडे हलवला आहे?

विषयाची निवड हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि नेमका तोच सर्वाधिक घाईत उरकला जातो. ‘सायबर हल्ले व उपाय’ किंवा ‘वायफायची सुरक्षितता’ हे सेमिनारचे विषय नव्हेत. ती पाठ्यपुस्तकातल्या प्रकरणांची नावे झाली. विषयाला प्रश्नाचे रूप द्यावे, आणि उपलब्ध वेळात त्याचे उत्तर देता येईल इतका तो अरुंद करावा. याचे उदाहरण आपल्या शेजारीच सापडते. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या मालवेअरमुळे मर्स्क या जहाजवाहतूक समूहाची संगणकयंत्रणा कोलमडली, तेव्हा न्हावा शेवा बंदरातल्या त्याच समूहाच्या टर्मिनलचे कामकाजही विस्कळीत झाले. ‘नॉटपेट्या : एक अभ्यास’ असा विषय घेतला, तर बातम्यांचे संकलन एवढेच हाती राहील. त्याऐवजी ‘मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दिलेला पॅच लावलेल्या संगणकांपर्यंतही नॉटपेट्या कसा पोहोचला?’ असे विचारले, की वाट स्पष्ट होते. त्या पॅचने बुजवलेल्या त्रुटीवरील इटर्नलब्लू या हल्ल्याच्या साधनाचा वापर हा पसरण्याचा केवळ एक मार्ग होता. दुसऱ्या मार्गात तो आधीच ताब्यात आलेल्या संगणकाच्या मेमरीतून लॉगिनची माहिती उचलत असे आणि विंडोजच्याच प्रशासकीय साधनांनी पुढच्या संगणकावर जात असे. मग पॅचच्या जोडीला प्रशासकाचे अधिकार किती जणांना द्यावेत आणि नेटवर्कचे विभाग कसे पाडावेत, ही चर्चा विषयातूनच निघते.

विषय ठरला की मूळ कागदपत्रे वाचावीत. प्रोटोकॉलसाठी आरएफसी (त्याचे तपशील ठरवणारा दस्तऐवज), विशिष्ट त्रुटीसाठी तिचा सीव्हीई क्रमांक (ज्ञात त्रुटींच्या सार्वजनिक यादीतला क्रमांक) व ती शोधणाऱ्या संशोधकांचा लेख, आणि भारतातील नियमांसाठी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे निर्देश पाहावेत. बातमी परिणाम सांगण्यापुरती वापरावी, यंत्रणा समजावण्यासाठी नव्हे. आरएफसी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्याचा अट्टहास करू नये. टीएलएस १.३, म्हणजे जोडणी एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोटोकॉलची आवृत्ती, हा विषय असेल, तर ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ८४४६ मधला १.२ हा भाग, म्हणजे आधीच्या आवृत्तीपेक्षा काय बदलले याची यादी, आणि त्यानंतरचे दुसरे प्रकरण सुरुवातीला पुरेसे आहे.

प्रात्यक्षिक साधेच असावे, पण स्वतःचे असावे. टीएलएसच्याच विषयात दोन व्हर्च्युअल मशीन (संगणकातले आभासी संगणक) होस्ट-ओन्ली, म्हणजे बाहेर न जोडलेल्या, नेटवर्कवर ठेवून एकीवर ओपनएसएसएल या टीएलएसच्या सॉफ्टवेअरचा चाचणी सर्व्हर चालवावा, दुसरीवरून जोडणी करावी आणि वायरशार्क या साधनाने नेटवर्कवरच्या पॅकेटांची नोंद, म्हणजे कॅप्चर, घ्यावे. हेच एकदा १.२ आणि एकदा १.३ आवृत्तीने करावे. पहिल्या कॅप्चरमध्ये सर्व्हरचे प्रमाणपत्र उघडे दिसते. दुसऱ्यात सर्व्हर हॅलो या सर्व्हरच्या पहिल्या उत्तरानंतरचा हँडशेक (जोडणी ठरवणारी सुरुवातीची देवाणघेवाण) एन्क्रिप्ट झाल्याने ते दिसत नाही. मात्र क्लायंट सर्व्हरचे नाव पाठवत असेल, तर ते दोन्हींत वाचता येते. याच ठिकाणी अनेक जण फसतात. १.३ च्या क्लायंट हॅलोमध्ये, म्हणजे क्लायंटच्या पहिल्या संदेशात, आवृत्तीच्या जुन्या रकान्यात ०३०३ म्हणजे १.२ चाच आकडा असतो, तो पाहून ‘सर्व्हरने १.३ स्वीकारले नाही’ असा चुकीचा निष्कर्ष अहवालात उतरतो. खरी निवड सर्व्हर हॅलोतल्या सपोर्टेड व्हर्जन्स या एक्स्टेन्शनमध्ये ०३०४ अशी नोंदलेली असते. वाटेतली काही उपकरणे अनोळखी आवृत्ती दिसताच जोडणी तोडत, म्हणून हा जुना आकडा मुद्दाम ठेवला गेला. एवढा एक मुद्दा स्वतःच्या कॅप्चरवर बोट ठेवून सांगितला, तरी परीक्षकाचा सूर बदलतो.

१.३ ची पूर्ण जोडणी जलद होते हेही मोजून दाखवता येईल. एकाच लॅपटॉपवरच्या दोन मशीनमध्ये विलंब जवळजवळ शून्य असल्यामुळे फरक दिसणार नाही. त्यासाठी लिनक्सच्या टीसी आज्ञेने एका बाजूला १०० मिलिसेकंदांचा विलंब घालावा. टीसीपीची जोडणी धरून क्लायंटची पहिली विनंती १.२ मध्ये साधारण ३०० मिलिसेकंदांनी निघते आणि १.३ मध्ये साधारण २०० नी, कारण हँडशेकची एक फेरी वाचते. आलेले आकडे याहून वेगळे असतील, तर ते लपवू नयेत. का वेगळे आले, हे लिहावे.

प्रयोग फक्त स्वतःच्या यंत्रांवर करावेत. महाविद्यालयाचे वायफाय, सोसायटीतल्या शेजाऱ्याचा राउटर किंवा रेल्वे स्थानकावरचे मोफत नेटवर्क यांवर एआरपी स्पूफिंग (नेटवर्कवर दुसऱ्या यंत्राची तोतयागिरी) अथवा पोर्ट स्कॅन (उघडे पोर्ट शोधणे) ‘नुसते बघू’ म्हणूनही करू नये. मालकाच्या परवानगीविना नेटवर्कमध्ये शिरणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली येते. तेच अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. महाविद्यालयाच्या लॅबमध्ये काम करायचे असेल, तर विभागप्रमुखांची लेखी परवानगी घेऊन ती अहवालाला जोडावी.

सादरीकरणाविषयी फार सांगण्यासारखे नाही. स्लाइड वाचून दाखवू नयेत, वायरशार्कचा फॉन्ट शेवटच्या बाकावरून दिसेल इतका मोठा करावा, आणि थेट प्रात्यक्षिक फसल्यास दाखवायला त्याचे रेकॉर्डिंग जवळ ठेवावे. गटाने सेमिनार दिल्यास प्रत्येकाला संपूर्ण विषय यायला हवा. ‘तो भाग माझ्याकडे नव्हता’ हे उत्तर व्हायवात चालत नाही.

अहवालात वर्गातल्या दुसऱ्या कुणाला हाच प्रयोग जसाच्या तसा करता येईल इतके तपशील हवेत : ऑपरेटिंग सिस्टीम व सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या, नेटवर्कची आकृती, दिलेल्या आज्ञा, आणि कॅप्चर फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा ठसा). संपूर्ण स्क्रीनचे चित्र चिकटवण्यापेक्षा आवश्यक ओळी कापून घ्याव्यात, प्रत्येक आकृतीला क्रमांक द्यावा आणि मजकुरात तिचा उल्लेख करावा; ज्या आकृतीबद्दल मजकुरात एकही वाक्य नाही, ती काढून टाकावी. खरे सार्वजनिक आयपी पत्ते झाकून त्यांच्या जागी १९२.०.२ पासून सुरू होणारे, दस्तऐवजांतील उदाहरणांसाठी राखून ठेवलेले पत्ते वापरावेत आणि तसे नमूद करावे. स्वतः पाहिलेले आणि इतरांकडून घेतलेले यांतली सीमा वाक्यावाक्यात दिसली पाहिजे. शब्दांना समानार्थी शब्द घालून मजकुरातील साम्याची टक्केवारी कमी करता येते, पण पुढच्याच प्रश्नाला ती चलाखी उघडी पडते. एआयच्या साधनांची मदत घेण्यास विभागाची मुभा असेल, तर कोणत्या भागासाठी घेतली ते स्पष्ट लिहावे.

मसुदा गाईडकडे शेवटच्या आठवड्याआधीच द्यावा, कारण सबमिशनच्या दिवसांत झेरॉक्सच्या दुकानांसमोर रांगा असतात आणि गाईडच्या टेबलावर फायलींचा ढीग. बाइंडिंगपूर्वी छापील प्रत समोर ठेवून अहवालातली प्रत्येक आज्ञा नव्या व्हर्च्युअल मशीनवर पुन्हा चालवून पाहावी. वर्ड प्रोसेसरने दोन हायफनांची एक लांब रेघ करून टाकल्यामुळे न चालणाऱ्या आज्ञा या टप्प्यावरच सापडतात.