मोठी स्पर्धा शहरात येतेय? तिचा हिशोब स्वतः कसा तपासायचा

ऑलिंपिक, फुटबॉल वर्ल्डकप, कॉमनवेल्थ, कुठल्याही मोठ्या स्पर्धेच्या यजमानपदाची बातमी आली की दोन गट पडतात, एक म्हणतो शहराचं नशीब उघडलं, दुसरा म्हणतो पैसे पाण्यात गेले, आणि गंमत म्हणजे दोघांपैकी बहुतेकांनी बिडचा, म्हणजे यजमानपदासाठी दिलेल्या प्रस्तावाचा, रिपोर्ट उघडलेलाही नसतो. मला खेळ मनापासून आवडतात आणि म्हणूनच वाटतं की हा हिशोब सामान्य माणसाला करता आला पाहिजे. त्याला अर्थशास्त्राची डिग्री लागत नाही, रिपोर्ट, कागद-पेन आणि एक निवांत संध्याकाळ पुरते.

रिपोर्ट हातात आला की आधी चकचकीत फोटो आणि "इतके लाख रोजगार" वाली पानं सोडून द्या आणि गॅरंटीचं पान शोधा. म्हणजे खर्च वाढला तर जादाचे पैसे कोण भरणार हे जिथे लिहिलंय ते. ऑलिंपिकच्या करारात वर्षानुवर्षं ही जबाबदारी यजमान शहर आणि आयोजन समितीच्या गळ्यात पडत आलीये. बॉस्टनचं 2024 चं बिड 2015 मध्ये नेमकं इथेच पडलं, तिथले महापौर मार्टी वॉल्श यांनी करदात्यांच्या पैशाची अशी हमी द्यायला नकार दिला आणि त्याच दिवशी बिड मागे घेतलं गेलं. उलट लॉस एंजेलिसच्या मतदारांनी 1978 मध्येच शहराच्या तिजोरीवर बोजा पडू नये अशी तरतूद करून घेतली होती, आणि आयओसीला (आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीला) ते ऐकावं लागलं कारण 1984 साठी दुसरा उमेदवारच उरला नव्हता. त्या स्पर्धेत 20 कोटी डॉलरच्या वर रक्कम शिल्लक राहिली. मॉन्ट्रियलने 1976 चं कर्ज 2006 पर्यंत फेडलं, तीस वर्षं, त्यातला बराच भाग तंबाखूवरच्या टॅक्समधून. तर हे पान सापडलं नाही तर पुढचे आकडे वाचण्यात फार अर्थ नाही, आधी तेच मागून घ्या.

मग कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात स्पर्धा चालवण्याचा खर्च (स्टाफ, उद्घाटन, खेळाडूंची ने-आण), दुसऱ्यात खेळाच्या इमारती, तिसऱ्यात रस्ते-मेट्रो-विमानतळ वगैरे. हे वेगळं का करायचं, तर समर्थक फक्त पहिला रकाना दाखवतात आणि म्हणतात बघा, तिकिटं आणि स्पॉन्सरमधून सगळं निघतंय, आणि विरोधक तिन्ही एकत्र करून भलामोठा आकडा फेकतात. दोन्ही अर्धवट. तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक कामासमोर एकच प्रश्न लिहा, स्पर्धा आली नसती तरी हे आपण बांधलं असतं का? उत्तर हो असेल तर तो खर्च स्पर्धेच्या नावावर टाकू नका, आणि त्याचा फायदाही स्पर्धेच्या नावावर टाकू नका. बार्सेलोनाच्या 1992 च्या ऑलिंपिकचं उदाहरण सगळे देतात, समुद्रकिनारा मोकळा झाला, रिंगरोड झाला, शहर पालटलं, ते खरंच आहे, पण तिथे शहराचा आराखडा आधीपासून तयार होता आणि खर्चाचा मोठा वाटा शहरावर झाला, स्टेडियमवर त्यामानाने कमी. आराखडा नसताना नुसतं "बार्सेलोनासारखं होईल" म्हणणाऱ्यांकडे आराखडा मागा.

आता बजेटचा आकडा. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 1960 पासूनच्या ऑलिंपिकचा अभ्यास केला तर ज्यांचे आकडे मिळाले त्यातली एकही स्पर्धा ठरल्या बजेटमध्ये बसली नव्हती, आणि सरासरी वाढ दीडशे टक्क्यांहून जास्त, म्हणजे शंभराचे अडीचशे. त्यामुळे रिपोर्टमधला आकडा घ्या, अडीचने गुणा, आणि मग स्वतःला विचारा की हे तरी परवडेल का. काहींना हे फार निराशावादी वाटतं पण मला तो साधा सावधपणा वाटतो. कारण खर्च वाढण्यामागे प्रत्येक वेळी चोरीच असते असं नाही, मुख्य अडचण तारखेची आहे, उद्घाटन पुढे ढकलता येत नाही, कंत्राटदाराला ते माहीत असतं, आणि शेवटच्या वर्षात तो मागेल तो भाव द्यावा लागतो. दिल्लीच्या 2010 च्या कॉमनवेल्थवर कॅगने नेमकं हेच लिहिलं की हातात सात वर्षं असताना वेळ वाया घालवला आणि मग घाईचं कारण पुढे करून नियम बाजूला ठेवले गेले.

कुठल्या बजेटशी तुलना करतायत तेही बघा. लंडनच्या 2012 च्या ऑलिंपिकच्या बिडमध्ये 2005 साली सुमारे 240 कोटी पौंडांचा अंदाज होता, त्यात व्हॅट, सुरक्षा, आकस्मिक निधी हे नीट धरलेलंच नव्हतं, 2007 मध्ये तो 930 कोटींवर गेला, आणि स्पर्धा संपल्यावर सरकारने सांगितलं की आम्ही बजेटच्या आत काम केलं. 930 च्या आत, हे बरोबरच आहे! पण लोकांनी होकार दिला होता तो 240 चा आकडा ऐकून. म्हणून बिडच्या दिवशीचा पीडीएफ आजच सेव्ह करून ठेवा. हे अजिबात फालतू वाटू देऊ नका, नागानोच्या 1998 च्या हिवाळी ऑलिंपिकच्या बिड समितीचे हिशोबाचे कागद चक्क नष्ट केले गेले होते.

सगळ्यात जास्त वेळ स्टेडियमवर घालवा. बांधायला किती यापेक्षा स्पर्धेनंतर दर आठवड्याला तिथे कोण खेळणार, हे नाव घेऊन विचारा. "बहुउद्देशीय संकुल" हे उत्तर धरू नका, क्लबचं नाव, करार, भाडं, लाइट-पाणी-गवत-सिक्युरिटीचा वर्षाचा खर्च, आणि तो कोण भरणार. ब्राझीलने 2014 च्या फुटबॉल वर्ल्डकपला बारा स्टेडियम वापरली, त्यात मानाउससारख्या ठिकाणी तेवढी गर्दी खेचणारा स्थानिक संघच नव्हता, आणि ब्राझिलियाच्या प्रचंड महागड्या स्टेडियमच्या आवारात पुढच्याच वर्षी सिटी बस उभ्या राहायला लागल्या. अथेन्समध्ये 2004 च्या ऑलिंपिकनंतर कितीतरी जागा गवत उगवून पडून राहिल्या. आणि लंडनसारख्या फुटबॉलवेड्या शहरात, जिथे भाडेकरू मिळाला, तिथेसुद्धा धावण्याच्या ट्रॅकचं ऑलिंपिक स्टेडियम फुटबॉलला बसवायला आणखी 30 कोटी पौंडांहून जास्त गेले, आणि वेस्ट हॅम या क्लबकडून येणारं भाडं मॅचच्या दिवसांचा खर्च भागवायलाही पुरत नाही असं नंतरच्या तपासणीत निघालं. त्यामानाने अटलांटाने 1996 चं स्टेडियम आधीपासूनच बेसबॉलसाठी बदलायचं ठरवून बांधलं, आणि पॅरिसने 2024 ला 95 टक्के जागा जुन्या किंवा तात्पुरत्या वापरल्या, खर्च त्यांचाही वाढला पण रिकाम्या इमारतींची रांग मागे राहिली नाही. बिडमध्ये नवीन कायमच्या इमारती किती आहेत ते मोजा, माझ्या मते सगळ्या रिपोर्टमधला सगळ्यात बोलका आकडा तोच.

उत्पन्नाची बाजू पटकन होते. टीव्हीचे हक्क आणि बडे स्पॉन्सर हा खरा पैसा असतो आणि तो बहुतांशी स्पर्धा भरवणाऱ्या जागतिक संघटनेकडे जातो, फुटबॉलच्या फिफाने 2022 पर्यंतच्या चार वर्षांत सुमारे 750 कोटी डॉलर कमावले, स्टेडियम मात्र यजमानांनी बांधली, वर टॅक्सची सूटही द्यावी लागते. शहराच्या वाट्याला नक्की काय येतं ती ओळ शोधा. पर्यटकांच्या आकड्यातून स्पर्धेच्या धास्तीने न येणारे वजा केलेत का बघा, कारण गर्दी आणि महाग हॉटेलं म्हटल्यावर नेहमीचे पर्यटक दुसरीकडे जातात, ऑगस्ट 2012 मध्ये ब्रिटनला आलेले परदेशी पाहुणे आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा कमी होते. आणि स्थानिक माणूस सिनेमा-हॉटेलात जे खर्च करणार होता तेच त्याने तिकिटावर केले तर शहरात नवीन काहीच आलेलं नसतं. रोजगाराचं म्हणाल तर विचारायचं एवढंच, किती महिन्यांचे आणि स्पर्धा संपल्यावर किती उरणार.

एवढं करून उत्तर बहुतेक वेळा येतं की पैशात बघितलं तर तोटा. इथे थांबू नका मात्र. आनंद ही खोटी गोष्ट नाही, 2006 च्या वर्ल्डकपचा तो उन्हाळा जर्मनीतले लोक अजून आठवतात, आपल्या गावात जगातले सर्वोत्तम खेळाडू धावताना बघणं याला किंमत आहे आणि ती द्यायला लोक तयार असतील तर त्यात चूक काहीच नाही. फक्त ती किंमत उघड सांगून विचारली पाहिजे. एकूण तोट्याला शहरातल्या घरांच्या संख्येने भागा आणि जो आकडा येईल तो लोकांसमोर ठेवा, एवढे पैसे प्रत्येक घराने या दोन-तीन आठवड्यांसाठी द्यायचे का, की दवाखाने, शाळेची मैदानं, बससाठी ठेवायचे? त्याच्याच बाजूला कुणाची घरं हलवली जाणारेत ते लिहा, रिओत विला ऑटोड्रोमो वस्तीतली बहुतेक कुटुंबं ऑलिंपिक पार्कच्या शेजारून उठवली गेली, आणि घरामागे सरासरी खर्च काढला की अशी माणसं त्या सरासरीत दिसतच नाहीत.

हे सगळं करायची वेळ करारावर सही होण्याआधीची. डेन्व्हरला 1976 चं हिवाळी ऑलिंपिक मिळूनसुद्धा 1972 च्या मतदानात लोकांनी नाही म्हटलं, हॅम्बुर्गने 2015 ला आणि कॅलगरीने 2018 ला बिडच्या टप्प्यावरच नाही म्हटलं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याला मात्र उशिरा कळलं, 2026 च्या कॉमनवेल्थचा 260 कोटी डॉलरचा खर्च 600-700 कोटींवर जातोय म्हणून 2023 ला त्यांनी माघार घेतली आणि नुसत्या भरपाईचे 38 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मोजले. तेव्हा गॅरंटी, नवीन इमारती, नंतरचा वापर, टीव्हीचा वाटा आणि विस्थापन असे पाच प्रश्न लेखी पाठवा, उत्तरं लेखी मागा, आणि सभागृहात मतदान कोणत्या तारखेला आहे ते विचारून त्याच्या आधी ती उत्तरं आपल्या नगरसेवकाच्या हातात ठेवा.