तेजोमेघांचा नकाशा घरच्या घरी: एक आलेख वही आणि दोन रंगांची पेनं

नावावर जाऊ नका, ग्रहीय तेजोमेघाचा ग्रहाशी काही संबंध नाही. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की बाहेरचा वायू सोडून देतो, तो दहा-वीस हजार वर्षं चमकतो आणि मग विरून जातो. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलला १७८० च्या दशकात दुर्बिणीतून ग्रहासारखी चकती दिसली, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं.

आधी यादी करा. सिम्बाड ही तारे-तेजोमेघांच्या माहितीची साईट फुकट आहे. गंमत म्हणजे ग्रहीय तेजोमेघांच्या कॅटलॉगमधल्या नावातच पत्ता असतो: एम ५७ हा तेजोमेघ म्हणजे पीएन जी ०६३.१+१३.९, पहिला आकडा आकाशगंगेचे रेखांश, दुसरा अक्षांश, संपलं. असे पन्नासेक उतरवून घ्या, धनू राशीतले मुद्दाम जास्त घ्या, आकाशगंगेचं केंद्र तिकडंच आहे.

आता आलेख. शून्य रेखांश, म्हणजे आकाशगंगेचं केंद्र, मधोमध पाहिजे, १८० च्या वरच्या आकड्यातून ३६० वजा करायचे. मी पहिल्यांदा सरळ ० ते ३६० मांडलं आणि केंद्राजवळची सगळी गर्दी कागदाच्या दोन टोकांना, रात्रीचे दोन वाजले तरी मी चूक शोधतोय!

ठिपके दिले की मधे एक पट्टा दिसतो आणि केंद्राकडं दाटी. पण हेलिक्स नावाचा तेजोमेघ पार उणे ५७ अक्षांशावर, असं का? कोल्हापुरात महाद्वार रोडच्या गर्दीत उभारून बघा, लांबची डोकी सगळी एका रेषेत दिसतात, पण शेजारच्याची चप्पल बघायला मान पार खाली घालावी लागते. हेलिक्स तसाच शेजारी आहे, जेमतेम ६५० प्रकाशवर्षांवर. आणि पट्ट्याच्या अगदी मधल्या रेषेवर ठिपके विरळ वाटले तर तिथं धूळ आडवी येते हे ध्यानात ठेवा.

मग वेग. तेजोमेघाच्या वर्णपटात ऑक्सिजनची हिरवी रेषा ५००.७ नॅनोमीटरला असते, ती ५००.९ ला सापडली तर ०.२ भागिले ५००.७ गुणिले प्रकाशाचा वेग ३ लाख, म्हणजे सेकंदाला सुमारे १२० किमीनं लांब चाललाय. साईटवर वेग तयारच मिळतो. उणे म्हणजे आपल्याकडं येणारा, त्याला निळा पेन, अधिकला लाल. केंद्राकडं लाल-निळ्याची खिचडी होते, वेग दोन्ही बाजूंना २०० च्या आसपास जातात, कारण तिथले तारे आपल्यासारखे शिस्तीत एका दिशेनं फिरत नाहीत.

खरं बघायचं असेल तर मे महिन्यात अमावास्येला पन्हाळ्याजवळचं मसाई पठार, मध्यरात्रीनंतर दक्षिणेला ४४ अंशांवर आकाशगंगेचं केंद्र. जून लागला की विषय संपला, मग वहीच काढा.