गुन्ह्यावरची डार्क कॉमेडी लिहिताना या चुका टाळा : ‘किलिंग ईव्ह’ कुठे फसली?

गुन्हेगारीवरची एखादी डार्क कॉमेडी मालिका फसली, की तिच्यावर बहुधा दोनच शेरे मारले जातात : विनोद कमी पडला किंवा हिंसा अती झाली. निदानच चुकल्यामुळे पुढच्या सीझनमधले उपायही चुकतात. संवादांत कोट्या वाढतात, खून अधिक चमत्कृतिपूर्ण होतात आणि मालिका आणखी निर्जीव होते. माझ्या मते खरा दोष निराळ्याच ठिकाणी असतो. कथेतल्या खुनाची किंमत कुणालाही मोजावी लागेनाशी झाली, की आधी भीती नाहीशी होते आणि तिच्यामागोमाग हसूही नाहीसे होते. २०१८ ते २०२२ या काळात चार सीझन आणि ३२ भाग चाललेल्या ‘किलिंग ईव्ह’ या ब्रिटिश मालिकेत ही घसरण टप्प्याटप्प्याने पाहता येते, म्हणून पटकथा लिहिणाऱ्यांनी ती बारकाईने पाहावी असे मला वाटते. पुढच्या मजकुरात शेवटासह सर्व वळणे उघड केली आहेत.

आधी काय जमले होते ते नीट पाहायला हवे. पहिल्याच दृश्यात व्हिएन्नातील आइस्क्रीमच्या दुकानात एक तरुणी समोरच्या लहान मुलीकडे पाहून हसण्याचा प्रयत्न करते. ते जमत नाही, तेव्हा दुकानातल्या माणसाचे हसू पाहून तसेच चेहऱ्यावर आणते, मुलगीही हसते आणि बाहेर पडता पडता ती तरुणी मुलीचे आइस्क्रीम तिच्याच अंगावर उलटवते. ही भाडोत्री मारेकरी व्हिलानेल. एकही खून न दाखवता तिची क्रूरता, तिचे अनुकरणकौशल्य आणि तिच्या आतली पोकळी आपल्यापर्यंत पोहोचते, आणि आपण हसलो याचे आपल्याला किंचित वाईटही वाटते. तिसऱ्या भागात, तिच्या मागावर असलेल्या ब्रिटिश गुप्तचर अधिकारी ईव्हचा सहकारी आणि जिवलग मित्र बिल हा बर्लिनच्या नाइटक्लबमध्ये व्हिलानेलचा पाठलाग करत शिरतो आणि ती गर्दीतच त्याला भोसकून मारते. तोवर सगळ्यांत हलकेफुलके संवाद बिलच्याच वाट्याला आलेले असतात. त्याच्या मृत्यूनंतर ईव्हचे काम, तिचा संसार आणि तिचा विवेक यांतले काहीच पूर्वीसारखे राहत नाही, आणि त्यामुळे पुढचा प्रत्येक विनोद धारदार होतो.

पहिली मोठी चूक म्हणजे घडलेले पुसून टाकणे. पहिल्या सीझनच्या अखेरीस ईव्ह व्हिलानेलला भोसकते आणि दुसरा सीझन त्यानंतरच्या अवघ्या ३० सेकंदांपासून सुरू होतो. जखम, रक्तस्राव, रुग्णालय हे सगळे व्हिलानेलला भोगावे लागते. दुसऱ्या सीझनच्या शेवटी मात्र रोमजवळच्या अवशेषांत व्हिलानेल ईव्हवर गोळी झाडते आणि तिसऱ्या सीझनमध्ये ईव्ह थेट लंडनच्या एका कोरियन उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात काम करताना दिसते. त्याच सीझनमध्ये तिच्या नवऱ्याच्या, निकोच्या, मानेत पिचफोर्क खुपसला जातो, तो वाचतो, ईव्हशी संबंध तोडतो आणि कथेतून जवळजवळ निघून जातो. असे दोनदा झाले, की तिसऱ्या वेळी शस्त्र उगारलेले पाहून प्रेक्षकाच्या पोटात गोळा येत नाही. स्वतःच्या संहितेत हा दोष शोधायचा असेल, तर प्रत्येक हिंसक प्रसंगासमोर पुढच्या दोन भागांत त्यामुळे कोणाचा दिनक्रम, कोणते नाते किंवा कोणता निर्णय बदलला हे लिहून पाहावे. ती जागा कोरी राहिली तर विनोदाला हात न लावता तो प्रसंगच पुन्हा रचावा किंवा काढून टाकावा.

दुसरी चूक पहिलीतूनच जन्मते : परिणाम उरला नाही, की लेखक पद्धतीच्या नावीन्यावर भिस्त ठेवतो. विचित्र पद्धत मुळात वाईट नसते. दुसऱ्या सीझनमध्ये ॲम्स्टरडॅमच्या वेश्यावस्तीतील काचेच्या खिडकीत व्हिलानेल डुकराचा मुखवटा घालून एका माणसाला मारते आणि बाहेरचे पर्यटक तो खेळच समजून पाहत राहतात. हा प्रसंग भडक असला तरी पोकळ नाही, कारण तो सारा देखावा ईव्हने यावे म्हणून मांडलेला असतो आणि ती येत नाही तेव्हा व्हिलानेल कोसळते. याउलट चौथ्या सीझनमध्ये पहिल्या भागापासून सोबत असलेला, व्हिलानेलला कामे सोपवणारा आणि प्रेक्षकांचा अत्यंत लाडका कॉन्स्टंटिन पिझ्झा कापण्याच्या कटरने मारला जातो, तेव्हा लक्षात राहते ते हत्यार. इतक्या जुन्या पात्राला निरोप देताना हे घडू देणे मला अक्षम्य वाटते.

व्हिलानेलकडून खून करवून घेणाऱ्या ‘द ट्वेल्व्ह’ या गुप्त संघटनेचे गूढ चार सीझन ताणले गेले, याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. शेवटी तिचे सदस्य एका बोटीवर मारले जातात आणि आपल्याला त्यांचे चेहरेसुद्धा दिसत नाहीत. खलनायक ठरलेला नसेल तर संघटना वाढवत नेऊ नये, इतकेच.

निर्मितीच्या पातळीवरचा एक निर्णय अधिक विचार करण्याजोगा आहे. प्रत्येक सीझनला नवी प्रमुख लेखिका नेमायची अशी पद्धत होती : फिबी वॉलर-ब्रिज, एमराल्ड फेनेल, सुझॅन हीथकोट आणि लॉरा नील. नव्या लेखिकांना संधी देण्याचा हेतू उत्तम होता आणि व्यक्तिशः कुणाची गुणवत्ता कमी होती असे मी म्हणणार नाही. तिसऱ्या सीझनमधला, व्हिलानेल रशियात आपल्या कुटुंबाकडे जाते तो पाचवा भाग तर संपूर्ण मालिकेतल्या उत्तम भागांपैकी एक आहे. पण दोन बायकांमधल्या ओढीवर उभ्या असलेल्या कथेत ती ओढ कुठवर पोहोचली याचा हिशेब दरवेळी नव्याने मांडला गेला, आणि त्या पुन्हा पुन्हा दूर जाऊन पुन्हा पुन्हा जवळ येत राहिल्या. लेखक बदलणे अपरिहार्य असेल, तर निदान नात्याचे टप्पे आणि शेवट आधी लेखी ठरवून पुढच्या चमूच्या हाती द्यावेत.

हा ठरलेला शेवट नसण्याचे परिणाम १० एप्रिल २०२२ रोजी अमेरिकेत प्रसारित झालेल्या अखेरच्या भागात दिसले. ईव्ह आणि व्हिलानेल अखेर एकत्र येतात, त्यानंतर थोड्याच वेळात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या जातात, थेम्सच्या पाण्यात व्हिलानेल मरते आणि ईव्ह पृष्ठभागावर येऊन आक्रोश करते. ज्यांच्या कादंबरिकांवर मालिका बेतली आहे त्या ल्यूक जेनिंग्ज यांनीही या शेवटाबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यांच्या पुस्तकांत दोघीही जिवंत राहतात. माझा आक्षेप मृत्यूला नाही, कारण मारेकऱ्याच्या कथेत मृत्यू येणारच. आक्षेप असा, की गोळीबारामागे असलेल्या कॅरोलिनच्या, म्हणजे ईव्हच्या गुप्तचर खात्यातल्या एकेकाळच्या वरिष्ठ अधिकारी बाईंच्या, निर्णयाची पुरेशी बांधणी आधी झालेली नाही आणि त्याचे ईव्हवर काय परिणाम होतील हे पाहण्यासाठी एक मिनिटही शिल्लक ठेवलेले नाही. शेवटचा मृत्यू निदान शेवटून दुसऱ्या भागात आणून पाहावा. त्यानंतरचा पूर्ण भाग लिहिताना काही सुचत नसेल, तर तो मृत्यू कथेतून आलेला नाही असे समजून आधीचे तीन भाग पुन्हा लिहायला घ्यावेत.